ॲपमधले फोटो, मेमरी कॅश आणि अडकणारा स्क्रोल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीममध्ये नवीन पोरं आली की पहिल्या पंधरा दिवसांत हेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. कॅश म्हणजे पुन्हा लागेल ते हाताशी जपून ठेवायची जागा. मी मुळात अँड्रॉइडवाला, त्यामुळे उदाहरणं जास्त करून तिकडचीच आहेत, आयफोन आणि फ्लटरचं (एकाच कोडमधून दोन्हीकडची ॲप बनवायचं साधन) जेवढं हाताखालून गेलंय तेवढं खाली येईल.

फोटो एकदा डाउनलोड झालाय ना, मग परत वर स्क्रोल केलं की तिथे पांढरा चौकोन का दिसतो?

कारण डाउनलोड झालेली फाइल वेगळी आणि स्क्रीनवर दिसणारा फोटो वेगळा. फाइल म्हणजे दाबून बसवलेला जेपेग, तो तसाच्या तसा स्क्रीनवर काढता येत नाही, आधी तो उलगडून एकेका पिक्सेलचा रंग मेमरीत मांडावा लागतो, यालाच डिकोड करणं म्हणतात. घरातलंच बघा: वाण्याचं दुकान म्हणजे सर्व्हर, फळीवरच्या बरणीतली हळकुंडं म्हणजे डिस्क कॅश, आणि ओट्यावरच्या मिसळणाच्या डब्यातली हळद म्हणजे मेमरी कॅश. दुकानाची चक्कर वाचली तरी हळकुंड कुटावं लागतंच, आणि तोवर फोडणी करपते. मेमरी कॅशमध्ये डिकोड झालेला बिटमॅप, म्हणजे पिक्सेलमध्ये उलगडलेला फोटो, तयार असतो, तो उचलायचा आणि लावायचा, बास.

आणि फोडणीला वेळ किती असतो तर ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एका फ्रेमला (स्क्रीन एकदा नव्याने काढायला) १६.६ मिलिसेकंद, १२० हर्ट्झवर ८.३. एवढ्यात लेआउट, ड्रॉ सगळं उरकायचं असतं. त्यात कोणी मेन थ्रेडवर (स्क्रीन काढायचं काम जिथे चालतं तिथेच) मोठा फोटो डिकोड करायला बसला तर फ्रेम चुकलीच समजा, आणि बॅकग्राउंड थ्रेडवर केला तर फ्रेम चुकत नाही पण तोवर पांढरा चौकोन दिसतो. मेमरी कॅश या दोन्हीतून सोडवते.

पण फाइल तर ३ एमबीची आहे, अशा पन्नास ठेवल्या तर १५० एमबी, हल्लीच्या फोनला काय त्याचं?

इथेच सगळे फसतात, मीपण फसलो होतो. मेमरीत फाइलची साइझ चालत नाही, पिक्सेलची चालते. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३०००, एका पिक्सेलला नेहमीच्या फॉरमॅटमध्ये ४ बाइट, गुणाकार करा, ४ कोटी ८० लाख बाइट होतात म्हणजे जवळजवळ ४६ एमबी. एक फोटो! फाइल ३ एमबीची असो नाहीतर कॉम्प्रेस करून ४०० केबीची केलेली असो, पिक्सेल तेवढेच असतील तर मेमरीत ४६ एमबीच. पन्नास फोटो म्हणजे जवळजवळ सव्वादोन जीबी झालं, २ जीबी रॅमच्या फोनवर काय होणार ते सांगायला नको.

आमच्याकडे घरं भाड्याने द्यायचं एक ॲप होतं, एजंट लोक स्वतःच्या फोनवरनं खोल्यांचे फोटो टाकायचे. एक दिवस एकाच लिस्टिंगवर ॲप धाडकन बंद पडायला लागलं, बाकी सगळं नीट. दोन दिवस आम्ही नेटवर्कचा कोड उपसत बसलो आणि निघालं काय, तर त्या एजंटचा कॅमेरा १०८ मेगापिक्सेलचा आणि मोडही तोच लावलेला. १२००० गुणिले ९००० गुणिले ४, हिशोब तुम्हीच करा, चारशे एमबीच्या वर जातो. अँड्रॉइड तर साधारण १०० एमबीच्या वरचा बिटमॅप कॅनव्हासवर काढायलाच नकार देतं, सरळ एक्सेप्शन फेकतं. सर्व्हरवर फोटो लहान करून ठेवायचं काम 'पुढच्या स्प्रिंटला' म्हणून सहा महिने पडून होतं, ते त्या आठवड्यात झालं.

मग करायचं काय?

आधी लहान करा, मग साठवा. क्रम उलटा झाला की कॅश म्हणजे नुसती अडगळ.

लिस्टमधला चौकोन ३६० पिक्सेलचा असेल तर ४००० पिक्सेल रुंदीचा फोटो मेमरीत आणायचं कारणच काय? अँड्रॉइडमध्ये बिटमॅपफॅक्टरीला (फोटो डिकोड करणारा क्लास) आधी 'इन जस्ट डिकोड बाउंड्स' लावून फक्त लांबीरुंदी विचारायची, यात पिक्सेल मेमरीत येत नाहीत, मग त्यावरनं 'इन सॅम्पल साइझ', म्हणजे फोटो किती पट लहान करायचा तो आकडा, ठरवायचा. हा आकडा दोनच्या घातात चालतो, २, ४, ८, १६ असा, मधला काही दिलात तर खालच्याला येऊन बसतो. आपल्या उदाहरणात ८ बरोबर बसतो: ५०० गुणिले ३७५, म्हणजे ७ लाख ५० हजार बाइट, साधारण ७३० केबी. ४६ एमबीचे ७३० केबी झाले, ६४ पट कमी, कारण रुंदीपण आठ पट घटली आणि उंचीपण. १६ घेतलात तर २५० होतात आणि फोटो चौकोनात ताणून धुरकट दिसतो.

कॅशची साइझ किती ठेवावी?

अँड्रॉइडच्या जुन्या ट्रेनिंगमधला ठोकताळा आहे, ॲपला मिळणाऱ्या हीपचा (ॲपला वापरायला दिलेली मेमरी) आठवा भाग. हीप २५६ एमबी असेल तर ३२ एमबी. वरच्या ७३० केबीच्या हिशोबाने ४४ फोटो मावतात, एका स्क्रीनवर बारा-पंधरा दिसत असतील तर तीन स्क्रीन भरतील एवढे, वर-खाली केलं तरी पुरतं. आता हेच ४६ एमबीवाले ठेवायला गेलात तर एकही मावत नाही, आणि गंमत बघा, अँड्रॉइडची एलआरयू कॅश (जागा भरली की सगळ्यात जास्त वेळ न वापरलेलं आधी काढणारी) मोठा फोटो आधी आत घेते, मग मर्यादा ओलांडली म्हणून जुने एकेक काढायला लागते, सगळे काढून झाले तरी बसत नाही म्हणून शेवटी तो नवीनही काढते. म्हणजे एका आडदांड पाहुण्याने सगळ्यांना घराबाहेर काढलं आणि स्वतःही निघून गेला. लॉगमध्ये काही दिसत नाही, एरर नाही, फक्त स्क्रोल अडकतो.

बाकी जास्त रॅम दिसली म्हणून कॅश फुगवू नका. आपल्या ॲपने जितकी मेमरी धरून ठेवली तितकं बॅकग्राउंडला गेल्यावर सिस्टिम आपल्याला लवकर मारते, मग परत उघडलं की सगळं पहिल्यापासून, आणि लोक म्हणतात ॲप स्लो आहे.

मी एलआरयू कॅश लावली, साइझपण बरोबर दिली, तरी आउट ऑफ मेमरी (मेमरी संपल्याची एरर) येतंय

दहापैकी नऊ वेळा 'साइझऑफ' (एका फोटोचं वजन सांगणारं फंक्शन) ओव्हरराइड करायचं राहिलेलं असतं. ते नाही केलं तर प्रत्येक फोटोचं वजन १ धरलं जातं. तुम्ही ३२ एमबी म्हणून केबीमध्ये ३२७६८ लिहिलंत, कॅश समजली ३२७६८ फोटो ठेवायचेत! ती कशाला कोणाला बाहेर काढेल. 'साइझऑफ'मध्ये बिटमॅपचा बाइट काउंट भागिले १०२४ करा, जिथे जुने बिटमॅप परत वापरताय तिथे 'गेट अलोकेशन बाइट काउंट' घ्या कारण डबा मोठा आणि माल लहान असं असू शकतं.

दुसरी शक्यता, कॅशमध्ये बिटमॅपऐवजी इमेजव्ह्यू किंवा ड्रॉएबल ठेवलेत. व्ह्यूला ॲक्टिव्हिटी चिकटलेली असते, ॲक्टिव्हिटीला सगळी स्क्रीन, आणि तेही सगळं मेमरीत अडकून राहतं. लीककॅनरी (मेमरी कुठे अडकलीय ते शोधणारं साधन) लावून बघा, पाच मिनिटांत सापडेल.

सॉफ्ट रेफरन्स वापरले तर? मेमरी कमी पडली की आपोआप सुटतील ना

जुन्या ब्लॉगांमध्ये हे सापडतं. अँड्रॉइड २.३ पासून गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी मोकळी करणारा) सॉफ्ट आणि वीक रेफरन्स फार पटकन उचलायला लागला, त्यामुळे अशी कॅश गळक्या बादलीसारखी असते. सोडून द्या.

अँड्रॉइड ८ वर कितीही फोटो टाकले तरी आउट ऑफ मेमरी येत नाही, म्हणजे प्रश्न मिटला का?

मिटला नाही, जागा बदलली. बिटमॅपचे पिक्सेल अँड्रॉइड ३.० च्या आधी नेटिव्ह मेमरीत असायचे, ३.० ते ७.१ पर्यंत जावाच्या हीपमध्ये, आणि ८.० पासून परत नेटिव्हमध्ये गेले. हीपची मर्यादा त्यांना लागत नाही म्हणून एक्सेप्शन दिसत नाही, पण फोनची रॅम काही वाढलेली नसते. सिस्टिमला जड झालं की ती आधी बॅकग्राउंडची ॲप्स उडवते आणि मग तुमचं, तेही काही न सांगता. क्रॅश रिपोर्टमध्ये काहीच नाही आणि प्ले स्टोअरवर मात्र 'आपोआप बंद होतं' म्हणून एक स्टार. मला तर जुनं बरं वाटायचं, निदान ओरडून मरायचं.

हे सगळं हाताने कशाला लिहायचं, ग्लाइड किंवा कॉइल अशा फोटो लोड करायच्या लायब्ररी आहेत की

बरोबर, लिहूच नका. वरचं सांगितलं ते आत काय चाललंय कळावं म्हणून, प्रॉडक्शनमध्ये स्वतःची कॅश लिहायची हौस मी दोनदा केली आणि दोनदा पुसली. ग्लाइड, कॉइल, फ्रेस्को, कोणतीही चालेल. नवीन प्रोजेक्ट कंपोझमध्ये (अँड्रॉइडची स्क्रीन कोटलिनमध्येच लिहायची नवी पद्धत) असेल तर कॉइल, कारण ती कोटलिन कोरुटीनवरच (मागे काम चालवायची कोटलिनमधली सोय) बांधलेली आहे. जुना जावाचा कोड असेल तर ग्लाइड काढून दुसरं काही टाकायची गरज नाही.

पण लायब्ररी लावली म्हणजे संपलं असंही नाही. ग्लाइडच्या मेमरी कॅशची किल्ली (कॅशमध्ये फोटो ज्यावरनं शोधला जातो ती खूण) नुसती यूआरएल नसते, तिच्यात रुंदी, उंची, ट्रान्सफॉर्मेशन हेपण असतं. लिस्टमध्ये ३६० चा चौकोन, सर्चमध्ये ३५२ चा, कार्टमध्ये ३४४ चा असं डिझायनरने मनाला येईल तसं दिलं असेल तर एकाच फोटोच्या तीन प्रती मेमरीत बसतात आणि एकीचाही दुसरीला उपयोग नाही. डिझायनरला चहा पाजा आणि दोन-तीन साइझवर तडजोड करा. दुसरं म्हणजे व्ह्यूला 'रॅप कंटेंट' (आतल्या मालाएवढी साइझ घे) दिलंत तर लायब्ररीला नेमकी साइझ कळत नाही, ती स्क्रीनएवढा फोटो धरून चालते. रुंदी-उंची ठरवून द्या.

लायब्ररी आहे, साइझ ठरलेली आहे, तरी दर वेळी फोटो नेटवरनं येतोय

यूआरएल नीट बघा. शेवटी प्रश्नचिन्हानंतर टोकन, सिग्नेचर, एक्स्पायरी असलं काही लटकतंय का? क्लाउड स्टोरेजचे सही केलेले यूआरएल असतील तर बॅकएंड दर रिक्वेस्टला नवीन सही घालून देतो, फोटो तोच पण कॅशच्या दृष्टीने रोज नवा माणूस. मेमरी कॅशपण चुकते आणि डिस्क कॅशपण, शिवाय डिस्कवर त्याच फोटोच्या प्रती साठत जातात ते वेगळंच.

यावर दोन मार्ग. बॅकएंडवाल्यांना सांगायचं की बाबांनो, सही निदान काही तास तीच ठेवा. किंवा आपल्या बाजूने किल्ली वेगळी द्यायची: ग्लाइडमध्ये 'ग्लाइड यूआरएल'चा सबक्लास करून 'गेट कॅश की' ओव्हरराइड करा आणि प्रश्नचिन्हानंतरचं छाटून टाका, कॉइलमध्ये मेमरी आणि डिस्क दोन्हीची किल्ली रिक्वेस्टवरच देता येते. छाटताना जरा बघून, कारण कधीकधी प्रश्नचिन्हानंतर रुंदी किंवा व्हर्जनपण असतं, ते गेलं की मोठ्या फोटोच्या जागी लहान दिसायला लागतो. माझ्या मते या पानावरचं सगळ्यात जास्त फायद्याचं उत्तर हेच आहे, कॅशची साइझ दुप्पट करून जे मिळत नाही ते या चार ओळींत मिळतं.

याच्या उलट झालंय, युझरने प्रोफाइल फोटो बदलला तरी जुनाच दिसतो

यूआरएल तोच ठेवून फाइल बदलली असणार. यूआरएलमध्ये व्हर्जन किंवा अपडेटची वेळ घाला. बॅकएंड ऐकत नसेल तर ग्लाइडला सिग्नेचर देता येते, तिच्यात अपडेटची वेळ टाका.

सगळे फोटो वेबपी फॉरमॅटमध्ये केले तर मेमरी वाचेल?

नाही. डेटा वाचेल, डाउनलोड पटकन होईल, डिस्कवर जागा कमी लागेल, हे सगळं खरं आणि करावंच, अँड्रॉइडवर वेबपी ४.० पासून चालतं आणि आयफोनवर आयओएस १४ पासून. पण डिकोड झाल्यावर जेपेग, वेबपी, एव्हीआयएफ सगळे सारखेच, रुंदी गुणिले उंची गुणिले ४.

मग पिक्सेलचा आरजीबी ५६५ फॉरमॅट?

हां, याने खरोखर निम्मी होते, पिक्सेलला ४ च्या जागी २ बाइट. पण पारदर्शकता जाते आणि आकाश, भिंत, चेहरा अशा हळूहळू बदलणाऱ्या रंगात पट्टे दिसतात. ग्लाइड पूर्वी हेच डिफॉल्ट वापरायचं, चौथ्या व्हर्जनपासून ८८८८ वर, म्हणजे पिक्सेलला ४ बाइटवर गेलं. कमी रॅमच्या फोनवर फक्त लिस्टमधल्या छोट्या चौकोनांना लावा, कोणाच्या लक्षात येत नाही. फोन कमी रॅमचा आहे का ते 'इज लो रॅम डिव्हाइस' विचारून कळतं.

हार्डवेअर बिटमॅप म्हणजे काय भानगड आहे?

अँड्रॉइड ८ पासून आलं. पिक्सेल फक्त ग्राफिक्सच्या मेमरीत राहतात, एरवी दोन प्रती होतात त्याची एकच होते. फुकटात फायदा आहे, फक्त त्या बिटमॅपचे पिक्सेल वाचायला गेलात, उदाहरणार्थ फोटोवरनं थीमचा रंग काढायला, किंवा साध्या सॉफ्टवेअर कॅनव्हासवर काढायला गेलात की एक्सेप्शन येतं. तेवढ्या एका जागी बंद करा, सगळीकडे नको.

जोरात स्क्रोल केलं की एकाचा फोटो दुसऱ्याच्या नावासमोर येतो!

ही कॅशची चूक नाही, बिचारीवर उगाच आळ येतो. रिसायकलर व्ह्यू (अँड्रॉइडची स्क्रोल होणारी लिस्ट) जुनीच ओळ परत वापरतो, आधीच्या फोटोची रिक्वेस्ट मागेच चालू असते आणि उशिरा येऊन नवीन माणसाच्या जागी बसते. ओळ बाइंड होताना, म्हणजे तिच्यात नवीन माहिती भरताना, जुनी रिक्वेस्ट रद्द करा आणि प्लेसहोल्डर लावा. लायब्ररी हे स्वतः करते, पण तुम्ही 'इफ यूआरएल रिकामा नसेल तर लोड करा' असं लिहून एल्स विसरलात तर तिलाही काही कळायला मार्ग नाही. एल्समध्ये क्लिअर करा.

ॲप बॅकग्राउंडला गेलं की कॅश पूर्ण रिकामी करावी का?

लगेच नको. माणूस ओटीपी बघायला मेसेजमध्ये जातो आणि दहा सेकंदांत परत येतो, तेवढ्यासाठी सगळे फोटो पुन्हा डिकोड कशाला. 'ऑन ट्रिम मेमरी'मध्ये (सिस्टिम मेमरी सोडायला सांगते ते फंक्शन) 'यूआय हिडन' आलं की निम्मी करा, 'बॅकग्राउंड' आलं की पूर्ण, ग्लाइड साधारण असंच करते. एक लक्षात ठेवा, अँड्रॉइड १४ पासून ॲपला या दोनच पातळ्या कळवल्या जातात, ॲप चालू असतानाच्या 'रनिंग लो' वगैरे सूचना बंद झाल्या, त्यामुळे त्यांच्या भरवशावर लिहिलेला जुना कोड नवीन फोनवर नुसता पडून राहतो.

मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती सांगणारी फाइल) लार्ज हीप, म्हणजे जास्त हीप द्या असं, लावलं की क्रॅश बंद झाले, चालेल ना?

ताप आल्यावर थर्मामीटर फोडण्यातला प्रकार आहे. फोटो एडिटर बनवत असाल तर समजू शकतो, किराण्याच्या ॲपला नाही.

आयफोनवर काय वेगळं?

तत्त्व तेच, नावं वेगळी. एलआरयू कॅशच्या जागी एनएसकॅश, ती मेमरी कमी पडली की स्वतःहून माल काढते आणि थ्रेडसेफ (एकाच वेळी अनेक थ्रेडनी वापरली तरी चालणारी) आहे. 'टोटल कॉस्ट लिमिट' देता येते पण प्रत्येक फोटो ठेवताना त्याची कॉस्ट तुम्हीच सांगायची, नाही सांगितली तर लिमिटला अर्थ नाही, म्हणजे आपलं 'साइझऑफ'चंच भूत. शिवाय ती मर्यादा काटेकोर पाळली जाईलच असं नाही.

'यूआयइमेज नेम्ड'ने घेतलेला फोटो सिस्टिम स्वतः कॅश करते, आयकॉनला ते छान, पण एकदाच दाखवायच्या मोठ्या फोटोला 'कंटेंट्स ऑफ फाइल' वापरा. लहान करायला इमेजआयओचं थंबनेलवालं फंक्शन घ्या, मोठा बिटमॅप मेमरीत न आणता थेट छोटा मिळतो. आणि तिकडे एक खोड आहे, यूआयइमेज तयार झाली म्हणजे डिकोड झालीच असं नाही, डिकोड खरं तर स्क्रीनवर यायच्या वेळी होतं, तेही मेन थ्रेडवर. आयओएस १५ मध्ये 'प्रिपेअर फॉर डिस्प्ले' आलंय, ते आधीच बॅकग्राउंडला उरकून घ्यायला. किंगफिशर, न्यूक, एसडीवेबइमेज या तिकडच्या लायब्ररींपैकी एक घ्या.

फ्लटर आणि रिॲक्ट नेटिव्ह?

फ्लटरची स्वतःची इमेज कॅश आहे, डिफॉल्ट १००० फोटो किंवा १०० एमबी, जे आधी भरेल ते. १०० एमबी ऐकायला बरं वाटतं पण आपला १२ मेगापिक्सेलवाला ४६ एमबीचा आहे, म्हणजे दोन बसले की फुल्ल. म्हणून 'कॅश विड्थ' द्या, एकच बाजू दिली तर प्रमाण आपोआप राखलं जातं, आणि देताना डिव्हाइस पिक्सेल रेशोने (स्क्रीनच्या एका एककात किती पिक्सेल बसतात त्याने) गुणा नाहीतर फोटो धुरकट दिसेल आणि टेस्टर बग टाकेल.

रिॲक्ट नेटिव्हचा साधा इमेज कंपोनंट अँड्रॉइडवर आतून फ्रेस्कोच वापरतो. एक्स्पोवाला इमेज कंपोनंट अँड्रॉइडवर ग्लाइड आणि आयफोनवर एसडीवेबइमेज, म्हणजे वर जे सांगितलं ते तिथेही लागू.

पुढचे फोटो आधीच आणून ठेवले तर?

ठेवा, पण पुढची एखादी स्क्रीन, सगळी लिस्ट नाही. पन्नास फोटो आधीच कॅशमध्ये कोंबलेत आणि जागा ४४ चीच असेल तर सध्या दिसणारेच बाहेर पडतात. आणि मोबाइल डेटावर लोकांचा पॅक उडवायचा आपल्याला काय अधिकार.

लॉगआउट केल्यावर?

मेमरी कॅश रिकामी करा. आधार, पासबुक असले कागदपत्रांचे फोटो असतील तर डिस्क कॅश मुळातच बंद ठेवा त्या स्क्रीनपुरती.

सुधारणा झाली की नाही ते कसं बघायचं?

स्वतःच्या भारी फोनवर बघून काही कळत नाही. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये जो जुना २ जीबीचा फोन पडलाय तो चार्ज करा, रिलीज बिल्ड टाका, कारण डीबग बिल्ड तसाही हळू चालतो. डेव्हलपर ऑप्शनमध्ये जीपीयू रेंडरिंग प्रोफाइलच्या पट्ट्या लावून लिस्ट जोरात खाली न्या आणि परत वर आणा. खाली जाताना पट्ट्या आडव्या रेघेच्या (फ्रेमच्या वेळेची मर्यादा) थोड्या वर गेल्या तर चालतं, ती पहिली वेळ असते, तिथे कॅशमध्ये काही नसतंच. परत वर येताना पण तशाच उंच दिसल्या तर कॅश लागत नाहीये. मग 'डम्पसिस मेमइन्फो' ही मेमरी दाखवणारी कमांड ॲपच्या पॅकेजचं नाव देऊन चालवा, ग्राफिक्स आणि नेटिव्ह हीपचे आकडे लिहून ठेवा, पाच वेळा स्क्रीन उघडून बंद करा, परत बघा. दर वेळी चढतच असतील तर कुठेतरी गळतंय. ठरावीक जागी येऊन थांबत असतील तर फोन परत ड्रॉवरमध्ये ठेवा आणि घरी जा.